पेन्सिलीनं लिहिलेलं वय

भाऊबीजेला आई दरवर्षी लोणारला जाते आणि रजा मिळाली तर मीही तिच्याबरोबर जाते. मामांचं घर गावात आहे, विवराच्या काठापासून चालत दहा-बारा मिनिटांवर. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिक्षक होते. दर हिवाळ्यात सातवीचा वर्ग काठावर आणायचा आणि पुठ्ठ्यावर स्वतः काढलेला तक्ता झाडाला टांगून शिकवायचं, हा त्यांचा रिवाज होता. निवृत्त झाले तरी शाळा अजून त्यांना बोलावते. मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सूक्ष्मजीवांवर काम करते. आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये या तळ्याच्या गाळाच्या बाटल्या आहेत, हे मामांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही आहे.

या वेळी संध्याकाळी ते तक्ता काखेत मारूनच काठावर आले. 'वय' या शब्दापुढं निळ्या शाईत ५२,००० लिहिलेलं होतं. त्यावर आडवी रेघ होती. शेजारी पेन्सिलीनं ५,७०,००० आणि एक भलंमोठं प्रश्नचिन्ह. तिथून जे बोलणं निघालं ते इथं देते. मामा एरवी पुस्तकी मराठी बोलतात. चिडले की वऱ्हाडीवर येतात. त्यामुळं ते कुठं चिडले ते वेगळं सांगत नाही.

मामा : हे बघ. आधी मी पन्नास हजार वर्षं सांगायचो, नंतर बावन्न हजार. वर्गात चाळीस पोरं धरली तर हजार-बाराशे डोक्यांत मी हा आकडा घातला. त्यातलं कोणी तलाठी झालं, कोणी काळीपिवळी चालवतं. आणि एक दिवस इथंच एक पर्यटक मला म्हणतो, गुरुजी, ते जुनं झालं, आता पाच लाख सत्तर हजार. थोडंथोडकं नाही, दहापट! मग मी आयुष्यभर खोटं शिकवलं का?

मी : खोटं नाही. त्या वेळी जे मोजलं गेलं होतं तेच शिकवलंत. मामा, दगडातही घड्याळं असतात, पण प्रत्येक घड्याळ वेगळ्या तऱ्हेनं चालतं. बावन्न हजार हा आकडा तापदीप्तीच्या घड्याळाचा. आघातात वितळून झालेली काच तापवायची आणि तिच्यातून किती प्रकाश निघतो ते बघायचं. पाच लाख सत्तर हजार हा २०११ साली आलेला आकडा अरगॉन वायूच्या घड्याळाचा. दगडातल्या पोटॅशियमचा काही भाग फार संथपणे अरगॉन होत जातो. किती अरगॉन साठला त्यावरून किती काळ गेला ते काढतात.

मामा : मग दोन्ही घड्याळं बरोबर कशी असतील?

मी : नसतील. काच काळानुसार सडते, तिच्यातल्या खुणा पुसट होतात, मग ती वयानं लहान दिसते. उलट, वितळताना दगडातला जुना अरगॉन पुरता निघून गेला नसेल तर ती म्हातारी दिसते. इथला काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. त्याचं थोडं म्हातारपण काचेत शिल्लक राहायला कितीसा वेळ लागतो? अरगॉनवाल्यांनी हा धोका ओळखून हिशेब केला आहे. माझा कौल त्यांच्याकडे आहे. पण त्यानंतरही विवरातून उडालेल्या मलब्याखालची माती तपासून पुन्हा कमी वय सांगणारे लोक आहेत. वाद मिटलेला नाही.

मामा : म्हणजे माझं प्रश्नचिन्ह बरोबर.

मी : अगदी बरोबर.

मामा : पोरांना प्रश्नचिन्ह कसं शिकवू? परीक्षेत रिकामी जागा असते, तिथं आकडा लागतो.

मी : तुम्हाला एक गोष्ट सांगते. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली. त्यानंतरची शंभराहून जास्त वर्षं बहुतेक भूशास्त्रज्ञ याला ज्वालामुखीचं काम समजत. दख्खनचं सगळं पठारच लाव्ह्याचं, मग दुसरं काय सुचणार? त्यात ग्रोव्ह गिल्बर्ट नावाचा अमेरिकेतला मोठा माणूस होता. ॲरिझोनात असाच एक खड्डा आहे. तो उल्केनं झाला असेल का, हे बघायला तो तिथं गेला. खाली लोखंडी उल्का पुरलेली असेल तर होकायंत्र हलेल, म्हणून त्यानं चुंबकसुई लावून पाहिली. बाहेर पडलेली माती खड्ड्यात मावते का, याचा हिशेब केला. दोन्ही कसोट्या उल्केच्या विरोधात गेल्या. १८९६ साली त्यानं लिहिलं की हा वाफेच्या स्फोटानं झालेला खड्डा आहे, आणि जोडीला आपल्या लोणारचा दाखला दिला.

मामा : म्हणजे दोन्ही ठिकाणी चुकला.

मी : दोन्ही ठिकाणी. एवढ्या वेगानं आलेली उल्का स्वतःच जवळजवळ नाहीशी होते, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. पण त्यानं काय पाहिलं, कसं मोजलं, हे सगळं लिहून ठेवलं. म्हणून पुढच्यांना त्याची चूक नेमकी कुठं झाली ते शोधता आलं. लोणारच्या बाबतीत निकाल लागला १९७३ साली. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी तळ्यात भोकं पाडून दगड वर काढले. त्यांत मास्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार नावाच्या खनिजाला इतका जबर धक्का बसतो की ते न वितळताच काचेसारखं होतं. ज्वालामुखी दगड वितळवतो, पण असा धक्का देऊ शकत नाही.

मामा : १९७३. आणि आमच्या शाळेत ज्वालामुखी जायला किती वर्षं लागली माहीत आहे? माझा मुद्दाच तो आहे. तुम्ही चुकलात याचं मला वाईट वाटत नाही, पोरं रोज चुकतात. पण मत बदललं हे आम्हाला कोणी सांगितलं? १९७३ ला कोणी आलं नाही. २०११ ला कोणी आलं नाही. काठावर राहणाऱ्या मास्तरला ते एका पर्यटकाकडून कळलं.

मी : ते निबंध उपलब्ध असतात, मामा.

मामा : कुठं? इंग्रजीत, परदेशच्या मासिकात, पैसे भरून? मी इथं तीस वर्षं वह्या तपासत होतो. माझ्या पत्त्यावर त्यांतलं एक तरी कार्ड आलं का?

यावर मला बोलता आलं नाही. खाली पाणी हिरवट-काळं दिसत होतं. कमळजा देवीच्या देवळाच्या बाजूनं मोरांचा आवाज येत होता. मामांनी तक्ता पारावर ठेवला आणि पुढचा हल्ला केला.

मामा : ऐन-ए-अकबरीत या जागेची नोंद आहे. इथल्या खारापासून काच आणि साबण होई, त्याचा महसूल जमा होई. इंग्रजांच्या काळातही खार काढत. म्हणजे पूर्वी या तळ्यातून काहीतरी निघायचं ते लोकांच्या कामाचं होतं. आता काय निघतं? पेपर!

मी : निघतंच. त्या पाण्याचा पीएच दहाच्या वर आहे. धार नावाच्या झऱ्याचं गोडं पाणी काठावरून तळ्यात जातं आणि तिथं पोचताच दुसऱ्याच जगात पडतं. त्या जगात जे जिवाणू राहतात त्यांची रसायनं खाऱ्या, सोड्याच्या पाण्यात काम करतात. धुण्याच्या पावडरीत टिकणारी विकरं अशाच ठिकाणांहून मिळतात. हैदराबादच्या शास्त्रज्ञांना इथं एक जिवाणू सापडला तो नुसत्या जातीनं नव्हे, प्रजातीनंच नवा निघाला. त्याचं नाव ठेवलं इंडीबॅक्टर. जगाच्या यादीत भारताचं नाव लागलं ते लोणारच्या गाळामुळं.

मामा : मला आज तुझ्याकडून कळलं. ज्या गावच्या गाळातून भारताचं नाव झालं त्या गावाला तो जिवाणू माहीत नाही.

मी : लोकांना जिवाणूंची नावं हवी असतात का?

मामा : तू विचारलंस का कधी? २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा बघायला हवं होतंस. लॉकडाऊन असून माणसं काठावर. कोणी म्हणे देवीचा कोप, कोणी म्हणे भूकंप होणार, कोणी म्हणे कंपनीनं रंग सोडला. इथं कंपनी कुठली आली! पण त्या महिन्यात लोणारमधलं प्रत्येक पोर शास्त्रज्ञ झालं होतं. बाटलीत पाणी भरून खिडकीत ठेवायचं आणि रोज बघायचं.

मी : आणि ठेवल्यावर काय झालं?

मामा : रंग खाली बसला. पाणी पांढरं झालं.

मी : आघारकर संस्थेत नेमकं तेच दिसलं. रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात वाढलेल्या जीवांचा होता. हॅलोआर्किया म्हणजे मिठात रमणारे अतिसूक्ष्म जीव. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं राज्य आलं. त्यांचं रंगद्रव्य गुलाबी असतं. पाऊस पडला, पाणी पातळ झालं, रंग गेला. बघा, जूनमध्ये प्रश्न पडला आणि जुलैत उत्तर आलं. विज्ञान एवढंही संथ नाही.

मामा : उत्तर आलं कारण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मागितलं. नीरी संस्थेला सांगितलं, वनखात्याला सांगितलं, नमुने गेले. न्यायाधीशाला उत्तर मिळतं. मास्तरला मिळत नाही. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. बरं झालं. पण ते कशामुळं गेलं, त्यानं गावाचं काय होणार, हे सांगायला सभा घेतली कोणी?

मी : मामा, सगळ्या गोष्टींना सभा घ्यायची तर काम कधी करायचं?

मामा : सभा घेणं हे काम नाही, असं कोण म्हणालं?

मी : आमची मोजणी म्हणते. ऐका, तुम्हाला आमचं घर आतून दाखवते. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. फेलोशिप कधी तीन-चार महिने येत नाही, मग पोरं उसनवारी करतात. पुढं दोन-तीन वर्षांच्या हंगामी नेमणुका, तिशी उलटली तरी पत्ता कायम नाही. नोकरी लागली की बढतीसाठी निबंध मोजतात. कोणत्या मासिकात आले, कितीजणांनी उल्लेख केला, हे बघतात. काठावर उभं राहून चाळीस पोरांना मराठीत समजावलं तर त्याला शून्य गुण. देश शंभर रुपयांच्या उत्पन्नातले ६४ पैसे संशोधनावर खर्च करतो. त्यात जे बसतं ते आम्ही करतो.

मामा : मग चोरटी मासिकं कुठून आली? आमच्या तालुक्यातले प्राध्यापक पैसे भरून पेपर छापतात, हे मलाही माहीत आहे.

मी : त्याच मोजणीतून आली. आकडा मागितला की आकडा पुरवणारी दुकानं निघतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं बरी मासिकं निवडायला केअर नावाची यादी केली, ती २०२५ मध्ये बंदही केली. मुळात माणसाचं काम वाचण्याऐवजी मोजायचं ठरवलं, तिथं घोळ आहे. तुमच्याही शाळेत होतंच की हे. पोर शिकलं का, हे न बघता रजिस्टर भरलं का, हे बघतात.

मामा : हे मात्र खरं बोललीस. मला वाटायचं हा रोग फक्त जिल्हा परिषदेला आहे.

आम्ही दोघं हसलो. मामींनी डब्यात दिलेल्या करंज्या निघाल्या. थोडा वेळ वाद थांबला. पण मामांच्या डोक्यात घाटाखालची गोष्ट होती. बुलढाण्याचे आम्ही लोक जिल्ह्याचे दोन भाग करतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. लोणार घाटावर. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद घाटाखाली, खारपाणपट्ट्यात.

मामा : तळ्याचं राहू दे. माणसांचं बोल. २०२४ चा डिसेंबर संपता संपता शेगाव तालुक्यात लोकांचे केस जायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग तीन-चार दिवसांत हातात पुंजके. बायका, पोरं, म्हातारे. दोन-अडीचशे माणसं, पंधरा-वीस गावं. पोरी रुमाल बांधून फिरायच्या. लोकांनी डोकं भादरून टाकलं, निदान टक्कल एकसारखं दिसावं म्हणून. तिथल्या माणसाशी हात मिळवायला लोक भीत. आन् शास्त्रज्ञ काय करत होते? पहिले म्हणे पानी खराब हाय, नायट्रेट हाय. मंग म्हणे बुरशी हाय. मंग म्हणे थांबा, रिपोर्ट येऊ द्या. लोकाइनं कायले थांबावं?

मी : कारण चुकीचं उत्तर थांबण्यापेक्षा महाग पडतं. तुम्हीच सांगितलंत, लोक हात मिळवायला भीत होते. ते कशामुळं? बुरशीचा संसर्ग असेल, असं घाईनं बोललं गेलं म्हणून. संसर्ग म्हटलं की रोगी वाळीत पडतो. पाणी वाईट म्हटलं की अख्ख्या गावाची विहीर बदनाम होते. खारपाणपट्ट्यातलं पाणी वाईट आहेच, पण ते पिढ्यान्पिढ्या वाईट आहे. केस त्याच महिन्यात का गेले, याचं उत्तर त्यानं मिळत नाही.

मामा : मग महाडच्या डॉक्टरनं कसं काढलं? हिंमतराव बावस्करांनी. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातला माणूस, भोकरदनकडचा. वय झालेलं, खाजगी दवाखाना. स्वतः घाटाखाली आले, लोकांचं रक्त, लघवी, केस घेतले, घरातला रेशनचा गहू घेतला. ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासला. फेब्रुवारीत सांगून मोकळे : सेलेनियम! गव्हात सेलेनियम जास्त, रक्तात जास्त, म्हणून केस गेले. मोठमोठ्या संस्था बघत राहिल्या.

मी : बावस्करांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. कदाचित थोडा जास्त, कारण त्यांनी काय केलं ते मला आतून कळतं. १९७६ च्या सुमारास महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावला की कोकणात धडधाकट पोरं एका रात्रीत जात. त्यांनी प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली. चावल्यापासून किती वेळ झाला, घाम किती, नाडी किती, हात-पाय थंड कधी पडले. १९८२ मध्ये लॅन्सेटनं ते छापलं. विषामुळं शरीरात ॲड्रेनॅलिनचा पूर येतो, रक्तदाब चढतो, हृदय दमतं, फुप्फुसांत पाणी होतं, हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी वापरली. शंभरातले तीस-चाळीस जायचे, ते प्रमाण एक-दोनवर आलं.

मामा : मग! ना ग्रँट, ना मोठी प्रयोगशाळा, ना बढतीची मोजणी.

मी : पण लॅन्सेट होतं, मामा. तुम्ही ज्याला परदेशचं इंग्रजी मासिक म्हणता ते. त्यांनी छापलं नसतं तर प्राझोसिन महाडच्या घाटात राहिलं असतं. छापल्यामुळं दुसऱ्यांना करून बघता आलं आणि ते जगभर गेलं. २०११ मध्ये त्यांनी पुन्हा प्रयोग केला. नुसतं प्राझोसिन एका गटाला, प्राझोसिन आणि प्रतिविष दुसऱ्या गटाला. प्रतिविषानं रोगी लवकर सुधारतो, असं निघालं आणि त्यांनी तेही छापलं. स्वतःच्याच प्रसिद्ध औषधाला जोडीची गरज आहे, हे सांगायला मन मोठं लागतं.

मामा : मग सेलेनियमच्या बाबतीत तुझी कुरकुर काय?

मी : कुरकुर नाही. सेलेनियम अंगात जास्त झालं की केस जातात, नखं जातात, हे जुनं ज्ञान आहे. एप्रिलमध्ये त्याच भागात नखं गळाल्याच्या बातम्या आल्या, म्हणजे चित्र जुळतं. पंजाबात होशियारपूर, नवांशहरकडे काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हेही बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. त्यामुळं संशय योग्य जागी गेला. पण गव्हात स्थानिक गव्हाच्या ६०० पट, हा त्यांचा आकडा. असा आकडा दुसऱ्या हातानं, दुसऱ्या पोत्यावर, दुसऱ्या प्रयोगशाळेत निघायला हवा. तोवर तो एका चांगल्या डॉक्टरचा चांगला संशय आहे. आणि रेशनचा गहू म्हणजे गरिबाच्या ताटातला. कच्च्या आकड्यावर तो बंद झाला तर उपाशी कोण राहील?

मामा : आन् खराब गहू चालू राहिला त केस कोनाचे जातीन?

मी : तेही खरं आहे.

मामा : मग दोन्ही खरं असून चालन कसं? तुमाले निवडा लागन!

मी : निवडायचं असतं ते प्रशासनानं. आम्ही त्यांना सांगायचं की इतकं नक्की आहे, इतकं संशयाचं आहे, आणि संशय असतानाही सावधगिरी म्हणून गहू बदलणं स्वस्त आहे.

मामा : हेच! हेच गावात येऊन सांगितलं असतं तर? 'आम्हाला अजून माहीत नाही. पाण्यावर आमचा संशय कमी होत चालला आहे. गव्हावर वाढतो आहे. हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही.' ही चार वाक्यं पारावर उभं राहून. तुझ्या आकड्याची गरजच नव्हती. पोरींनी रुमाल बांधायचं थांबवलं असतं.

मी पुन्हा गप्प बसले. अंधार पडत होता. काठाची रेघ फक्त दिसत होती, पावणेदोन-दोन किलोमीटर पलीकडची. मामा आता शांत झाले होते, आणि ते शांत झाले की जास्त अवघड प्रश्न विचारतात.

मामा : भेंडवळला कधी गेलीस?

मी : घटमांडणीला? नाही. तुम्ही मानता ते?

मामा : नाही मानत. पण दोनदा गेलो. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मध्ये खड्डा, चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने, त्यावर पाण्याची घागर. भोवती धान्यं मांडतात, पापड, कुरडई, विडा. रात्रभर कोणी जवळ जात नाही. पहाटे काय हललं, काय फुगलं, ते बघून पीक-पाण्याचं भाकीत सांगतात. तीनशेहून जास्त वर्षांची परंपरा म्हणतात. अंधारात हजारो शेतकरी बसलेले असतात.

मी : आणि किती भाकितं चुकली, याची वही कोणी ठेवत नाही. बरोबर आलेलं लक्षात राहतं, चुकलेलं विसरतं. गिल्बर्ट चुकला ते आपल्याला कळतं, कारण त्यानं वही ठेवली. हवामान खातं चुकतं तेही कळतं, कारण त्याचा आकडा छापलेला असतो.

मामा : कबूल. मी वर्गातही हेच सांगायचो. पण तू एक गोष्ट बघ. ठरलेला दिवस. ठरलेलं शेत. पहाटे उत्तर द्यायला माणूस समोर उभा. आपल्या भाषेत. 'जून कमी, जुलै बरा, कपाशी मध्यम.' उत्तर खरं असो-नसो, ते द्यायला कोणीतरी येतं. शेतकरी अडाणी आहे म्हणून भेंडवळला जात नाही. दुसरं कोणी त्याच्या शेतात येऊन सांगत नाही, म्हणून जातो. तुमच्याकडे वही आहे, पण शेतात उभा राहणारा माणूस नाही. त्यांच्याकडे माणूस आहे, वही नाही.

मी : आणि तुम्हाला एका हातात वही आणि दुसऱ्या हातात घागर घेतलेला शास्त्रज्ञ हवा आहे.

मामा : घागर नको, तक्ता पुरे.

या बोलण्यात मी माझ्याविषयीची एक गोष्ट टाळत आले होते, ती तेव्हा सांगून टाकली. काही वर्षांपूर्वी मी गाळ न्यायला आले, तेव्हा खाली उतरायची वाट गावातल्या एका माणसानं दाखवली होती. कुठं पाय रुततो, कुठला गाळ उन्हाळ्यात उघडा पडतो, कुठून गोड्या पाण्याचा झिरपा येतो, हे त्याला पावलागणिक पाठ होतं. आमचा सगळ्यात चांगला नमुना त्यानं बोट दाखवलेल्या जागेतून मिळाला. निबंध छापून आला. त्यात आम्ही यंत्रांचे आभार मानले, निधीचे मानले, परवानगीचे मानले. त्या माणसाचं नाव मला आठवत नव्हतं, म्हणून मी ते टाळलं. निबंधाची प्रत त्याला द्यायचं तर डोक्यातही आलं नाही.

मामा : मला माहीत आहे तो कोण. गायमुखाकडं राहतो. त्यानं मला विचारलं होतं, तुमच्या भाचीला काय सापडलं म्हणून.

मी : तुम्ही काय सांगितलंत?

मामा : म्हटलं, सांगेल ती आली की.

मी : किती वर्षं झाली?

मामा : मोजू नको. उद्या सकाळी जाऊ आपण. चहा पिऊन जाऊ, त्याच्याकडे दूध नसतं.

मी : मराठीत कसं सांगू? 'अल्कलीप्रेमी' म्हटलं तर तो हसेल.

मामा : हसू दे. 'खारात खूश राहणारा किडा' म्हण. नंतर किडा नाही, किड्याहून कितीतरी लहान, हे सांग. मास्तराची पोरगी नसलीस तरी भाची आहेस.

मी : पण एक सांगते मामा, हे सगळ्यांना जमणार नाही. आमच्यातला एखादा माणूस आयुष्यभर एकाच समीकरणावर बसतो. त्याला पारावर उभं केलं तर पारही वाया आणि समीकरणही. चंद्रावरची बरीच विवरं आणि हे विवर काळ्या लाव्ह्यातली, म्हणून इथं काम करणारे लोक मनानं चंद्रावर असतात. त्यांच्याकडून गावानं लगेच काही मागू नये. १९७३ चा निबंधही तसाच होता. कोणाच्याच उपयोगाचा नव्हता. आज तुमचा तक्ता त्यावर उभा आहे.

मामा : कबूल. सगळ्यांनी येऊ नका. पण जे इथलं काही घेऊन जातात, पाणी, गाळ, दगड, रक्त, केस, त्यांनी एकदा परत यायचं. 'सापडलं' म्हणून या, 'नाही सापडलं' म्हणून या. 'आधी सांगितलं ते चुकलं' म्हणून तर नक्की या. याला किती निधी लागतो? एसटीचं तिकीट.

मी : आणि मोजणीत शून्य गुण.

मामा : माझ्या वर्गात पूर्ण गुण.

दैत्यसूदनाच्या देवळाच्या बाजूनं घरी परतलो तेव्हा आई अंगणात वाट बघत होती. जेवणं झाल्यावर मामांनी तक्ता पुन्हा काढला, ओट्यावरच्या दिव्याखाली पसरला, शाईचं पेन आणि पेन्सिल शेजारी ठेवली.

मामा : आता सांग. खोडू का हे? शाईनं पाच लाख सत्तर हजार लिहू?

मी : नको. वय पेन्सिलीतच राहू द्या. वर शाईनं लिहा, 'हे विवर आकाशातून आलेल्या दगडाच्या आघातानं झालं.' खाली लिहा, 'कशावरून? मास्केलिनाइटवरून.' ते आता हलणार नाही.

मामांनी ठळक अक्षरांत दोन्ही ओळी लिहिल्या. फुंकर घालून शाई वाळवली. मग पेन्सिलीच्या आकड्याखाली, अगदी कडेला, पेनानंच आणखी काहीतरी बारीक लिहिलं. वाकून पाहिलं तर आजची तारीख होती आणि पुढं, 'सांगणार : भाची'.

मी : हे शाईनं का?

मामा : आकडा बदलला त तुलाच येऊन खोडा लागन. नाई बदलला, त तेही सांगाले येजो.